दार आतून कोण उघडतो?

हिटलर निवडणुकीने सत्तेवर आला की दांडगाईने, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवरही रंगतो. एक जण म्हणतो, "लोकांनीच निवडून दिला होता त्याला. मग त्या मतदानाचा काय उपयोग?" दुसरा म्हणतो, "छे, बंदुकीच्या जोरावर आला." दोघांचेही म्हणणे पुरते खरे नाही. आणि खरे काय घडले ते नीट समजून घेतल्याशिवाय, मतपेटीच्या वाटेने वर येणाऱ्या अतिरेकी राजकारणाला अडवायचे कसे, हे आपल्याला कळणार नाही. युरोपात गेल्या दहा-बारा वर्षांत असे पक्ष पुन्हा जोर धरू लागले आहेत, म्हणून हा विषय नुसता इतिहासाचा राहिलेला नाही.

मी पडलो कारकून. जमाखर्चाची वही उघडून बघितल्याशिवाय मला कोणतीच गोष्ट पटत नाही. तेव्हा बंधू-भगिनींनो, आधी आकडे बघू या.

आकडे काय सांगतात?

मे १९२८ मध्ये जर्मनीच्या संसदेची निवडणूक झाली. हिटलरच्या नाझी पक्षाला मते मिळाली २.६ टक्के आणि जागा १२. त्या वेळी त्याला कोणी मोजतही नव्हते. १९२९ मध्ये जगभर मंदी आली. कारखान्यांना टाळी लागली, बँका बुडाल्या. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत हाच पक्ष १८.३ टक्के मते आणि १०७ जागांवर गेला. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत नोंदलेल्या बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात पोचली आणि त्याच वर्षी जुलैत नाझींना ३७.३ टक्के मते, २३० जागा मिळाल्या.

इथपर्यंतचे आकडे पुष्कळांना ठाऊक असतात. पुढचा आकडा मात्र कोणी सांगत नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. तेव्हा नाझींची मते ३३.१ टक्क्यांवर आणि जागा १९६ वर घसरल्या. चार महिन्यांत सुमारे वीस लाख मतदार त्यांना सोडून गेले. पक्षाच्या तिजोरीत खडखडाट होता. म्हणजे गाडी उताराला लागली होती. आणि अशा वेळी, ३० जानेवारी १९३३ रोजी, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे आपल्या भाषेत पंतप्रधान, नेमले! खुल्या निवडणुकीत हिटलरला निम्मी मते एकदाही मिळाली नाहीत. मार्च १९३३ मध्ये सत्ता हातात असताना, विरोधकांना तुरुंगात टाकून निवडणूक घेतली, तेव्हादेखील त्याचा आकडा ४३.९ टक्क्यांच्या पुढे गेला नाही.

मग दार उघडले कोणी? आतल्यांनी. फ्रान्झ फॉन पापेन हा माजी चॅन्सेलर, खानदानी घराण्यातला. आल्फ्रेड हुगेनबर्ग हा वृत्तपत्रांचा बडा मालक आणि जुन्या राष्ट्रवादी पक्षाचा पुढारी. या मंडळींचा हिशेब असा की, लोक हिटलरच्या मागे आहेत, तर त्याला पुढे बसवू, लगाम आपल्या हाती ठेवू, आणि कामगार पक्षांचा काटा परस्पर काढून घेऊ. पहिल्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी होते फक्त तीन. बाकी सगळे हे प्रतिष्ठित लोक.

हा लगाम किती दिवस टिकला? २७ फेब्रुवारीला संसदेच्या इमारतीला आग लागली. २८ फेब्रुवारीला वटहुकूम निघाला आणि भाषण, सभा, वृत्तपत्र यांचे स्वातंत्र्य गोठवले गेले. २३ मार्चला संसदेने स्वतःचे कायदे करण्याचे अधिकार हिटलरच्या सरकारला देऊन टाकले. ठरावाच्या बाजूने ४४४ मते, विरुद्ध ९४. ती चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव मते सोशल डेमोक्रॅट पक्षाची होती. कम्युनिस्ट सभासद तुरुंगात होते किंवा भूमिगत. सभागृहात गणवेशातले नाझी गुंड उभे असताना ओटो वेल्स या सोशल डेमोक्रॅट पुढाऱ्याने उठून विरोधाचे भाषण केले. जूनमध्ये हुगेनबर्गला मंत्रिपद सोडावे लागले आणि १४ जुलै १९३३ च्या कायद्याने नाझी सोडून दुसरा पक्षच देशात शिल्लक ठेवला नाही. ज्यांनी दार उघडले, त्यांचेही बिऱ्हाड बाहेर फेकले गेले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. उजव्या विचाराचा प्रत्येक माणूस अतिरेकी नसतो. कोणाला जुन्या चालीरीती प्रिय असतात, कोणाला सरकारी खर्च कमी हवा असतो. त्यांच्याशी आपले भांडण असेल, पण ते लोकशाहीतले भांडण आहे. अतिरेकी तो, जो निवडणुकीची शिडी वर चढण्यापुरती वापरतो आणि वर पोचल्यावर शेजाऱ्याचे नागरिकत्वच काढून घ्यायला निघतो. हा फरक विसरून आपण सगळ्यांनाच एका दावणीला बांधले, तर अतिरेक्याचेच काम सोपे होते. कारण त्याला दारात अडवू शकणारा पहिला पहारेकरी पुष्कळदा त्याच्या शेजारचा सभ्य उजवा पक्षच असतो. बेल्जियमची गोष्ट त्यासाठीच सांगायची आहे.

बेल्जियममध्ये दार बंद राहिले

हिटलर सत्तेवर आल्यानंतर तीन वर्षांनी, मे १९३६ मध्ये, बेल्जियममध्ये निवडणूक झाली. लेऑन देग्रेल नावाच्या तरुण, फर्ड्या वक्त्याचा 'रेक्स' नावाचा पक्ष पहिल्याच फटक्यात २०२ पैकी २१ जागा घेऊन गेला. देग्रेल मूळचा कॅथलिक पक्षाच्या वर्तुळातला. त्याने मते खाल्ली तीही मुख्यतः त्याच पक्षाची. कॅथलिक पक्षाला त्याच्याशी हातमिळवणी करून आपली गळती थांबवण्याचा मोह सहज झाला असता.

त्या पक्षाने ते केले नाही. १९३७ मध्ये देग्रेलने आपल्या एका खासदाराला राजीनामा द्यायला लावून ब्रुसेल्समध्ये पोटनिवडणूक ओढवून आणली आणि स्वतः उभा राहिला. देश आपल्या मागे आहे हे त्याला दाखवायचे होते. तेव्हा कॅथलिक, उदारमतवादी आणि समाजवादी या एकमेकांशी हाडवैर असलेल्या पक्षांनी मिळून एकच उमेदवार दिला, तोही खुद्द पंतप्रधान पॉल व्हान झीलँड. कम्युनिस्टांनीही आपला उमेदवार उभा केला नाही. मतदानाच्या तोंडावर बेल्जियमच्या कॅथलिक धर्मप्रमुखाने, कार्डिनल व्हान रॉय यांनी, रेक्सचा जाहीर निषेध केला. ११ एप्रिल १९३७ ला मते मोजली, तेव्हा व्हान झीलँड यांना सुमारे ७६ टक्के आणि देग्रेलला सुमारे १९ टक्के! १९३९ च्या निवडणुकीत रेक्सच्या २१ जागांच्या ४ झाल्या. पुढे १९४० मध्ये हिटलरचे सैन्य बेल्जियममध्ये घुसले आणि देग्रेल त्याच्या चाकरीत गेला, ही गोष्ट वेगळी. पण बेल्जियमच्या मतदाराने त्याला सत्ता दिली नव्हती, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

दोन्ही देशांत मंदी होती, बेकारी होती, चिडलेला तरुण होता. फरक पडला तो प्रस्थापित पक्षांच्या वागण्यात.

कायद्याचे कुलूप

युद्धात जर्मनीची राखरांगोळी झाली. साठ लाख ज्यूंची कत्तल झाली. त्यानंतर १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीने नवे संविधान केले. त्याचे पहिलेच कलम माणसाच्या प्रतिष्ठेचे आहे. ते तत्त्व संसदेला कितीही मोठ्या बहुमताने काढून टाकता येत नाही. नव्या पंतप्रधानावर बहुमत जमल्याशिवाय जुन्याला पाडता येत नाही. आणि लोकशाहीच मोडायला निघालेल्या पक्षावर बंदी घालता येते. मात्र ही बंदी सरकारला नव्हे, फक्त संविधान न्यायालयाला घालता येते. ही अट फार मोलाची आहे. बंदीचे हत्यार सत्ताधाऱ्याच्या हाती दिले, तर उद्या तो ते कोणावरही चालवील, आणि पहिला वार गरिबांच्या संघटनेवर पडेल.

१९५२ मध्ये नाझींच्या वारसदार पक्षावर न्यायालयाने बंदी घातली. १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरही घातली आणि त्या निकालावर पुढे पुष्कळ टीका झाली. २०१७ मध्ये एनपीडी या अतिउजव्या पक्षाबद्दल न्यायालय म्हणाले की, पक्षाचा हेतू संविधानविरोधी आहे, पण तो साध्य करण्याइतकी ताकद त्याच्यात नाही, म्हणून बंदी नको. जानेवारी २०२४ मध्ये त्याच पक्षाचे सरकारी अनुदान सहा वर्षांसाठी बंद झाले. म्हणजे कुलूप आहे, आणि ते जपून वापरले जाते.

पण कुलूप लावून गर्दी हटते का?

जर्मनीत थुरिंगिया नावाचे एक छोटे राज्य आहे. नाझी पक्षाला पहिले मंत्रिपद मिळाले ते याच राज्यात, जानेवारी १९३० मध्ये. तेव्हाही दुसऱ्या पक्षांनी बेरीज जमवण्यासाठी त्यांना आत घेतले होते. नव्वद वर्षांनी, ५ फेब्रुवारी २०२० ला, त्याच राज्याच्या विधानसभेत थोमास केमेरिच हे एका लहान उदारमतवादी पक्षाचे पुढारी ४५ विरुद्ध ४४ मतांनी मुख्यमंत्री झाले. नव्वदच्या सभागृहात त्यांचे स्वतःचे सभासद होते पाच. बाकीची बेरीज एएफडी या अतिउजव्या पक्षाच्या मतांनी झाली होती. देशभर लोक रस्त्यावर आले. चॅन्सेलर अँगेला मर्केल या स्वतः उजवीकडे झुकणाऱ्या पक्षाच्या, आणि त्यांच्याच पक्षाच्या आमदारांनीही केमेरिच यांना मते दिली होती. तरी परदेश दौऱ्यावर असताना त्यांनी हे कृत्य अक्षम्य असल्याचे जाहीरपणे सांगितले. दुसऱ्याच दिवशी केमेरिच यांनी पद सोडण्याची तयारी दाखवली. दार पुन्हा बंद झाले.

म्हणून सगळे आलबेल झाले का? नाही! सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच थुरिंगियात एएफडी ३२.८ टक्के मते घेऊन पहिल्या क्रमांकावर आला. इतर पक्षांनी एकत्र येऊन त्याला सरकारबाहेर ठेवले. फेब्रुवारी २०२५ च्या देशाच्या निवडणुकीत त्याची मते २०.८ टक्क्यांवर गेली. २०२१ मध्ये ती १०.३ टक्के होती. म्हणजे चार वर्षांत दुप्पट. मे २०२५ मध्ये संविधान-रक्षणाचे काम करणाऱ्या सरकारी खात्याने हा पक्ष निश्चितपणे अतिउजवा असल्याचे जाहीर केले आणि पक्ष लगेच न्यायालयात गेला.

याचा अर्थ समजून घेऊ या. आतले लोक दार घट्ट धरून उभे आहेत, कायद्याचे कुलूपही आहे, पण दाराबाहेरची गर्दी वाढते आहे. पूर्व जर्मनीत १९९० नंतर कारखाने बंद पडले, तरुण पोरे-पोरी गाव सोडून पश्चिमेला गेली, मागे म्हातारी माणसे आणि रिकामी घरे उरली. आपले कोणी ऐकत नाही ही भावना तिथे घर करून बसली. त्या रागाला परका माणूस, निर्वासित, मुसलमान हा निशाणा दाखवला की काम झाले. राग खरा असतो, पत्ता खोटा दिलेला असतो. खोटा पत्ता देणाऱ्याला दारात अडवणे हे पक्षांचे आणि न्यायालयाचे काम. पण रागाला खरा पत्ता दाखवण्याचे काम कोणाचे? ते लंडनच्या चाळकऱ्यांनी करून दाखवले.

लंडनच्या चाळीत

लंडनचा पूर्व भाग म्हणजे गोदी कामगार, शिंपी, हमाल यांची वस्ती. दाटीवाटीची घरे, गळकी छपरे, भाडे मात्र चढते. शिंपीकाम करणारे ज्यू आणि गोदीत राबणारे आयरिश शेजारी-शेजारी राहत. १९३२ मध्ये ऑसवल्ड मोस्ले या माजी मंत्र्याने ब्रिटिश फॅसिस्टांचा पक्ष काढला. काळे सदरे घातलेले त्याचे लोक या वस्त्यांत येऊन सांगू लागले की, तुमची घरे, तुमच्या नोकऱ्या ज्यूंनी खाल्ल्या.

४ ऑक्टोबर १९३६ ला मोस्लेने या वस्तीतून मोर्चा काढायचे ठरवले. मोर्चाला वाट करून द्यायला हजारो पोलीस आले. पण केबल स्ट्रीट आणि आसपासच्या रस्त्यांवर प्रचंड जमाव उभा राहिला. ज्यू शिंपी आणि आयरिश गोदी कामगार खांद्याला खांदा लावून अडथळे रचत होते. आयाबहिणींनी वरच्या खिडक्यांतून हाती लागेल ते पोलिसांवर फेकले. अखेर पोलीस आयुक्तांनी मोर्चा परत फिरवला. लगोलग कायदा झाला आणि १ जानेवारी १९३७ पासून राजकीय गणवेश घालून रस्त्यावर फिरण्यास बंदी आली.

गोष्ट इथेच संपवली तर टाळ्या पडतील. पण वही पुढे सांगते की, पाच महिन्यांनी, मार्च १९३७ मध्ये, लंडनच्या महानगर कौन्सिलची निवडणूक झाली, तेव्हा बेथनल ग्रीन भागात फॅसिस्टांना सुमारे २३ टक्के मते पडली. निवडून एकही आला नाही, पण चार-पाच मतदारांतला एक त्यांच्याकडे गेला होता. रस्ता अडवला होता, घरातली नाराजी तशीच होती.

हे फिल पिराटिन या ज्यू कम्युनिस्ट कार्यकर्त्याने ओळखले होते. त्याचा पक्ष आपल्याला पटो न पटो, त्याची नजर पटण्यासारखी आहे. तो एकदा मोस्लेच्या सभेला मुद्दाम गेला आणि मोर्चामागे चालणारी माणसे न्याहाळली. त्यात त्याला साधी कष्टकरी माणसे दिसली, काहींच्या छातीवर कामगार संघटनेचे बिल्लेही होते. त्याने विचार केला, ही माणसे ज्यूंच्या द्वेषापायी आलेली नाहीत; यांच्या घराच्या, भाड्याच्या, कामाच्या तक्रारी आहेत आणि त्या विचारायला दुसरे कोणी गेलेले नाही.

मग भाडेकरूंच्या समित्या उभ्या राहिल्या. एका चाळीत दोन कुटुंबांना घरमालक बाहेर काढणार होता. चौकशी केली, तर दोघेही मोस्लेच्या पक्षाचे सभासद! मोस्लेच्या लोकांनी त्यांच्यासाठी बोटही हलवले नव्हते. पिराटिन आणि त्याच्या सोबत्यांनी चाळकऱ्यांची बैठक घेतली, ज्यू आणि ख्रिस्ती शेजारी एकत्र केले, दारे अडवून धरली आणि जप्तीवाल्यांना परत पाठवले. त्या घरांत मोस्लेच्या पक्षाची सभासद-कार्डे फाडली गेली, असे पिराटिनने १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पुढे स्टेपनी भागात भाडेकरूंची मोठी संघटना झाली, एक पाद्री तिचा अध्यक्ष होता. १९३८-३९ मध्ये भाडेबंदीचे लढे झाले, त्यात पहारा द्यायला बायका पुढे होत्या. भाडी कमी झाली, दुरुस्त्या झाल्या. ज्यू शेजारीण आपल्या दाराशी पहारा देते आहे हे ज्याने पाहिले, त्याला तिचा द्वेष शिकवणे अवघड जाते.

ज्याचे विचार आपल्या विरुद्ध आहेत, त्याच्याही घरासाठी उभे राहायचे, हे सोपे नाही. पण त्या वस्तीत जे भाषणांनी साधले नाही, ते याने साधले.

आपण काय घ्यायचे?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या आपल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी तीन-चार इशारे दिले होते. संविधान कितीही चांगले असले, तरी ते राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल. कितीही थोर माणूस असो, त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य नेऊन ठेवू नये. राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आणि राजकीय लोकशाहीखाली सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल, तर ती टिकणार नाही. वर सांगितलेल्या तिन्ही देशांच्या गोष्टी या इशाऱ्यांशी ताडून बघा. जर्मनीचे १९१९ चे संविधान कागदावर उत्तम होते, स्त्रियांना मताचा अधिकार देणारे होते. राबवणाऱ्यांनीच ते विकले. बेल्जियममध्ये राबवणारे जागे राहिले. आणि लंडनच्या चाळकऱ्यांनी शेजारधर्म पाळून सामाजिक लोकशाहीचा पाया आपल्या हाताने घातला.

आपल्यासारख्या हातावर पोट असलेल्या माणसांच्या हाती न्यायालय नाही, मंत्रिमंडळ नाही. तरी तीन कामे आपल्या हातची आहेत.

पहिले काम, मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला निवडणुकीच्या आधी विचारायचे, "निकालानंतर तुम्ही कोणाबरोबर बसणार?" दार आतून उघडणारे लोक हे उत्तर आधी देत नाहीत. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचे आणि दिलेले उत्तर लक्षात ठेवायचे.

दुसरे, मोबाइलवर एखाद्या जातीविरुद्ध, धर्माविरुद्ध, परप्रांतीयाविरुद्ध मजकूर आला की पुढे ढकलण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: माझे घरभाडे, माझ्या मुलाची नोकरी, माझ्या नळाचे पाणी खरोखर या माणसाने अडवले आहे का? बहुतेक वेळा अडवणारा दुसराच असतो आणि तो या भांडणात कुठे दिसतही नाही.

तिसरे काम सर्वांत मोठे. वस्तीतल्या रेशनच्या, भाड्याच्या, शाळेच्या, मतदार यादीतल्या नावांच्या तक्रारींसाठी जी समिती करू, ती फक्त आपल्या माणसांची करायची नाही. समोरच्या गल्लीतल्या माणसालाही त्यात घ्यायचे, त्याच्या घरावर कोणता झेंडा आहे हे न बघता. त्याचा अर्ज आपल्या अर्जाबरोबर त्याच कचेरीत, त्याच खिडकीवर जाऊ द्या. खिडकीपलीकडे बसून मी पुष्कळ वर्षे अर्ज घेतले आहेत. एकट्या माणसाचा अर्ज ढिगात जातो, पण पन्नास घरांच्या सह्यांचा अर्ज साहेबाच्या टेबलावर न्यावाच लागतो. आणि ज्या पन्नास घरांनी एकत्र सह्या केल्या, त्या घरांना एकमेकांविरुद्ध उठवणे कोणत्याही पुढाऱ्याला जड जाते.